डाव्या बाजूची शिवण

प्रिय पुसेलेत्सो,

पत्राबरोबर पुडकं आहे, आणि त्यात ड्रेस आहे हे तू वरून चाचपूनच ओळखलं असशील. पण तो अजून अंगात घालू नकोस. आधी पत्र वाच, आणि कृपा करून पहिल्या ओळीपासून वाच. शेवट आधी बघायची तुझी खोड मला माहीत आहे. फोनच केला असता, पण तू 'कशी आहेस?' विचारलंस की माझ्या तोंडून 'मजेत' निघून जातं, इतकी ती सवय झाली आहे. मी मजेत नाही, पुसे. मी घाबरले आहे. गेले तीन आठवडे मला माझ्याच अंगाची भीती वाटते आहे.

कसं सांगायचं ते सुचत नाही, म्हणून आधी घरचं सांगते. गोठ्यामागची पीचची झाडं फुलली आहेत, सगळीच्या सगळी. तुझ्या नावाचं ते वाकडं झाडसुद्धा. दिम्फोचे बाबा रोज सकाळी त्यांच्याकडे संशयाने बघतात आणि म्हणतात, "एवढ्यात हुरळू नका, अजून एक बर्फ पडायचाय." दरवर्षी हेच म्हणतात आणि दोन वर्षांतून एकदा खरे ठरतात, त्यामुळे आम्हाला त्यांना हसताही येत नाही. ओढ्याकाठी मोरोहो उगवला आहे. काल दिम्फोने ओटीभर कोवळी पानं खुडून आणली. सगळा हिवाळा वाळवलेली भाजी खाल्ल्यावर तो पहिला हिरवा घास किती गोड लागतो! तो तुला तिकडे वेल्कोम शहरात कोण देणार? तुमच्याकडे म्हणे भाजी बाराही महिने मिळते. मग तिची वाट तरी कशी बघता!

दुपारी आम्ही सगळ्या उन्हाच्या भिंतीला पाठ लावून बसतो. मशीन मी बाहेरच आणलं आहे. दिम्फोच्या लग्नाला आता बाराच दिवस उरले. आपल्या घरच्या सगळ्या बायकांना एकाच कापडाचे ड्रेस हवेत, हा तिचा हट्ट. तपकिरी शोएशोए, वर पांढरी बारीक फुलं. सात ड्रेस मी एकटी शिवते आहे. माथाबांग शेजारून येते, एक बटण लावते आणि दहा गोष्टी बोलते. परवा म्हणाली, "काय गं केनेउवे, नवरीच्या आधी नवरीची आईच नटून तयार? नवरा तुला बघायचाय की तिला?" सगळ्या हसल्या. मीही हसले. माझा ड्रेस सगळ्यांत आधी शिवून झाला होता हे खरं होतं. पण त्यामागे नटायची हौस नव्हती.

झालं असं. तीन आठवड्यांपूर्वी मी माझं कापड बेतलं. माप तेच, चार वर्षांपूर्वी वर्तमानपत्रावर कापून ठेवलेलं, उंदरांनी एक कोपरा खाल्लेलं. शिवून घातला तर डाव्या बाजूला छातीवर ओढत होता. वाटलं, घाईत कापड पाण्यातून काढायचं राहिलं असेल. नवं शोएशोए किती कडक असतं आणि धुतल्यावर किती आटतं हे शिकवताना आईने आपल्या पाठीत धपाटे घातले होते, आठवतं? पण कापड मी धुतलं होतं, दोरीवरचे डाग अजून होते त्यावर. मग वाटलं, छातीवरच्या चुणीचा टक्स चुकला. उसवला, परत घातला. तरी ओढत होता. तिसऱ्यांदा उसवला तेव्हा दिम्फो म्हणाली, "आई, आता चष्मा घे, नाहीतर माझा झगा मागचा पुढे शिवशील." मी तिच्यावर खेकसले. तीस वर्षं मी लोकांची मापं घेते आहे. चूक टक्सात नव्हती हे माझ्या बोटांना कळलं होतं, मीच त्यांचं ऐकत नव्हते. चौथ्यांदा मी दार लावून घेतलं आणि ड्रेसऐवजी अंगाला हात लावला. तिथे गाठ आहे, पुसे. पीचच्या बीएवढी, तशीच टणक. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग मी काय केलं असेल? रडले नाही, कोणाला हाक मारली नाही. शांतपणे डावी शिवण उसवली, आत दुमडून राखलेली जादा कापडाची माया सोडली, नवी टीप मारली आणि ड्रेस बसवला. रविवारी घालून चर्चला गेले. बायकांनी वळून वळून पाहिलं. पाद्रीबाईसुद्धा म्हणाल्या, "काय बसलाय गं! जसा अंगावरच विणलाय." मी मान डोलावली आणि गाण्यांचं पुस्तक डाव्या बाजूला छातीशी धरलं.

हे सगळं मी गिळून टाकलंही असतं. पण दिम्फोला आजीसारखी कॉलर हवी होती, म्हणून मी आईचा निळा ड्रेस पेटीतून काढला. आई गेल्यावर तिचे कपडे वाटले तेव्हा तुला ब्लँकेट आलं आणि मला हा ड्रेस. तू रुसली होतीस. मी तो अकरा वर्षांत एकदाही घातला नव्हता. कॉलरचा नमुना घ्यायला तो उलटा केला आणि तसाच दारातल्या उजेडात नेला. सगळा ड्रेस निळ्या दोऱ्याने शिवलेला, पण डाव्या बाजूची शिवण काळ्या दोऱ्याने. तिथली माया पार शेवटच्या सुतापर्यंत सोडलेली. आणि उजवीकडे आतून कापडाची चपटी घडी टाचून ठेवलेली, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. आपण म्हणत होतो, आईच्या छातीत थंडी भरली. तू तिला गरम पाणी देत होतीस, मी पाठ शेकत होते आणि तिला सगळं माहीत होतं. अख्ख्या गावाचे कपडे शिवणारी बाई; लोकांची नजर कशी चुकवायची हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मला तिचा इतका राग आला की ड्रेस मी भिंतीवर फेकला. नंतर उचलून पोटाशी धरून बसले. कारण मीही अगदी तेच करून बसले होते, फक्त माझा दोरा कापडाच्याच रंगाचा होता.

आता पुडक्यातला ड्रेस. लग्नासाठी सातवा, तुझा. तो मी तुझ्या नाताळच्या मापाने शिवला आहे, दोन्ही बाजू काटेकोर सारख्या, आणि आत माया अजिबात ठेवलेली नाही. सगळी कातरून टाकली आहे, सोडायला सूतभरही कापड नाही. कडी लावून घे आणि घाल. कुठे ओढला, डावीकडे की उजवीकडे, तर कात्री हातात घेऊ नकोस. आणि छान बसला तरी हातांनी तपासून बघ, दवाखान्यातही दाखव, कारण आई आपल्या दोघींची होती. पुढच्या बुधवारी मला जिल्ह्याच्या इस्पितळात जायचं आहे. हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही. एकटी निघाले तर मी फाट्यावरून परत येईन आणि घरी येऊन कोणाच्या तरी ड्रेसला हेम घालत बसेन, मला माझी खात्री नाही. लग्नाला येणारच आहेस, तर आठवडाभर आधी ये. रविवारच्या टॅक्सीने ये, तोच ड्रेस घालून ये. मी फाट्यावर उभी असेन. माझ्या अंगावरही माझा ड्रेस असेल, डावी शिवण परत होती तशी केलेला. ओढलेला दिसेल. तुला दिसू दे.

तुझीच,
केनेउवे