मिशन शाळेतला कावळा

तीर्थरूप आबा,

आता हे पत्र गावी कुडपणला धाडून उपयोग नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. कावळा शिवला, आबा!

दहाव्याला सावित्री नदीच्या काठी तुमच्या पिंडाला कावळा शिवेना. हैबतीकाका म्हणाले, "गोऱ्यांच्या पोरांना शिकवतोस, त्याचाच राग हाय म्हाताऱ्याला. नोकरी सोडतो म्हण!" ते वचन मी दिले नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता. उद्या राजीनामाच देणार होतो.

आज मधल्या सुट्टीत पाद्रीसाहेबांच्या रूथने विचारले, "गुरुजी, जेवत का नाय?" मी सगळे सांगितले. तिने माझ्या डब्यातली नाचणीची भाकरी कुंपणाच्या दगडावर ठेवली, हात जोडले आणि ओरडली, "आजोबा, गुरुजी आमाला हवेत! त्यांना ऱ्हाऊ द्या!"

कावळ्याने झडपच घातली. पोरे नाचली. मीही नाचलो!

शाळेतले कावळे रोजच भाकरी पळवतात, हे मला ठाऊक आहे. पण आबा, त्या पोरीचा शब्द तुम्ही तरी मोडला असता का?

उद्या दोन भाकऱ्या नेणार आहे.

तुमचा महिपती,
मिशन शाळा, महाड