उलट्या हाताचं काज

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चि. बटण हिला आजीचे आशीर्वाद.

तू विसराळू, म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझ्या आईची आई. नाक मोठं, तोंड त्याहून मोठं. हल्ली फोनवर नुसता आवाज ऐकतेस, चेहरा कुठला आठवायला! पत्र वरच्या मजल्यावरची नर्स लिहितेय. ‘तोंड मोठं’ लिहायला लाजत होती. म्हटलं, तुझं नाही गं, माझं आहे, लिही.

इथे सगळं ठीक. खिडकीखालचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय. थंडी फार.

कॉलर शिवायला शिकव म्हणून तू मागे लागलीस, शिवणाचं दुकान उघडायचंय म्हणालीस, आणि मी आपली कॅमेरा बिघडला म्हणत राहिले. कॅमेऱ्याला काही धाड भरलेली नाही.

व्हिडिओवर काज शिकवलं होतं, आठवतं? माझा सुईचा हात समोर ज्या बाजूला दिसला, त्याच बाजूचा तू उचललास आणि अख्खं काज डाव्या हाताने शिकलीस. मी हसून बेजार. तू म्हणालीस, “आज्जे, आता हेच वळण पडलं.” मग तुझ्या हातांचा व्हिडिओ पाठवलास. तो मी शेजारणींना दाखवून हसायला ठेवला होता.

आता तोच लावून बसते. तू टाका घालतेस, मी थांबवते, मागे नेते, परत बघते. उजवा हात मांडीवर पडून असतो, परक्याचा असल्यासारखा. एका सकाळी उठले तेव्हा गेलाच होता. डॉक्टर आधी ‘येईल’ म्हणायचे, आता विषयच काढत नाहीत. डाव्यात सुई धरली तर कापड कोण धरणार? इस्त्रीखाली दाबून ठेवते. काज होतं कसंबसं, पण बटण त्यातून जात नाही.

नर्स थांबलीय. विचारते, हेही लिहू? लिही बाई.

तेव्हा कॉलर आता माझ्याकडून होणं नाही. दुसरं कुणी शोध, रुसणार नाही मी. पुढच्या खेपेला कॅमेरा लावीन. रडलीस तर फोन ठेवीन. आणि काजाचा व्हिडिओ पुन्हा काढून पाठव, जरा सावकाश. तू फार भरभर जातेस, मी मागे राहते.

तुझी शिकाऊ,
आजी

ता.क. फोडलेले अक्रोड आळशी लोक खातात, असं मी म्हणायचे ना? या वेळी फोडून पाठव.