डफर या शब्दाचा अर्थ

वरळी,
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय अभय,

सप्रेम जय भीम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या चिपळूणच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहितेय. आम्ही चाळीतली खोली सोडून नव्या इमारतीत आलो. नाना बरे आहेत. लिफ्टची भीती वाटते त्यांना, त्यामुळे खाली उतरत नाहीत. माझं शाळेत तेच, सातवीचं इंग्रजी.

गेल्या आठवड्यात वर्गात दीपिका नावाच्या मुलीला मी 'डफर' म्हणाले. तोंडात बसलेला शब्द, तुला ठाऊकच आहे. पोरं हसली. ती उभी राहिली.

"टीचर, डफर म्हणजे काय?"

"म्हणजे मठ्ठ."

"पण हा शब्द आला कुठून?"

सांगता येईना. स्टाफरूममधला जाडा शब्दकोश काढला. मूळ नक्की माहीत नाही, असं त्यात लिहिलंय. पण जुन्या लंडनमध्ये डफर म्हणजे खोटा माल खरा म्हणून लोकांच्या गळ्यात मारणारा.

दुसऱ्या दिवशी दीपिकाची वर्गासमोर माफी मागितली. पण अभय, ती माझ्याकडे बघत होती ना, ते बघणं तुझं होतं. चाळीस वर्षं ते माझ्या पाठीवर आहे.

गिरणीच्या संपात नानांचा माग सुटला, तेव्हा तू छत्रीच्या काड्यांचा माग केलास. धोटा खरोखर इकडून तिकडे पळायचा. तो मी शाळेच्या प्रदर्शनात माझ्या नावाने मांडला. पहिला नंबर आला. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "हा मी केलाय." आणि मी बाईंना म्हटलं, "हा? हा तर डफर आहे." अख्खा हॉल हसला. चाळीत तुला तेच नाव पडलं. घरी नानांनी तुला पट्ट्याने मारलं, खोटं बोलतो म्हणून. मी बक्षीस धरून दारात उभी होते. तू रडला नाहीस. नुसता माझ्याकडे बघत राहिलास.

नववीत तू शाळा सोडलीस. मग घर.

नाना अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्या दर्शनाने माग केला होता." परवा रविवारी शेजारच्या राधाबाई आल्या, तर पुन्हा तेच सुरू. मला ऐकवेना. राधाबाईंसमोरच नानांना खरं काय ते सांगून टाकलं.

 नाना म्हणाले, "मग मी त्याला मारलं, ते कशापायी?"



त्या दुपारी नाना जेवले नाहीत. संध्याकाळी मला हाक मारली.

"त्याला पत्र लिही. नाना चुकला, असं लिही."

"नाना, चूक माझी होती."

"तुझी तू लिही. माझी वेगळी लिही."

म्हणून लिहिते: नाना चुकला. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

माझी चूक वर लिहिली आहे. 'तुझी ताई' लिहायला हात धजत नाही.

दर्शना