चालीत न बसणारे नाव

मी, गेणबा सखाराम ओव्हाळ, वय अंदाजे बहात्तर (जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी मनानेच घातली होती), धंदा गवंडीकाम व थोडी भातशेती, राहणार मुठा, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र आपखुशीने करतो. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. कोणी दमदाटी केलेली नाही की दारू पाजलेली नाही. वकीलबाई म्हणाल्या, यात रुसवेफुगवे लिहू नका. मी म्हणालो, बाई, मग माझ्याकडे वाटायला उरते काय?

१. मुठ्यातील राहते घर मी स्वतः बांधले. ते माझ्यामागे पत्नी भीमाबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर मुलगा रवी व मुलगी मोनिका यांचे निम्मे-निम्मे. रवीने ते फार्महाऊसवाल्यांना दाखवण्याची घाई करू नये. आधी आईला विचारावे. ती नाही म्हणेल.

२. ओढ्याकाठचे भातखाचर आणि पोस्टातील शिल्लक भीमाबाईची. थापी, ओळंबा व इतर हत्यारे रवीची. त्याची नोकरी एसीतली असली तरी हत्यारे गंजू देऊ नयेत.

३. आता गाण्यांचे. हे कलम लांबेल, वकीलबाईंनी चहा मागवावा.

जयंतीसाठी आणि वस्तीतल्या कार्यक्रमांसाठी मी गाणी रचली. ती गायली अण्णासाहेब साळवे यांनी. आम्ही एका वस्तीतले, एका घोंगडीत झोपून वाढलेले. आमच्याकडे गाणे रचणारा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो. गाणे कोणाचे, ते तिथेच कळते. पहिल्या गाण्यात मी माझे नाव घातले होते. अण्णांनी पेटीवर बोटे फिरवून पाहिली आणि मान हलवली.

‘‘तुजं नाव चालीत बसत न्हाई, गेण्या. गेणबा म्हटलं की चाल अडखळती. माजं घालू. कुनाचं का असंना, गानं तर वस्तीचंच हाय.’’

‘‘मग मीच गाऊन बगू का?’’

‘‘तुजा घसा फाटका. लोक हसत्याल. तू आपला कोरस धर.’’

मी ते खरे मानले. चार माणसांपुढे उभे राहायची मला भीती वाटते, हे अण्णांना लहानपणापासून ठाऊक होते, कारण ते मीच त्यांना विश्वासाने सांगितले होते. प्रत्येक नवे गाणे भीत भीत आधी त्यांनाच दाखवायचो. ते म्हणायचे, ‘‘ठीक हाय, बगू.’’ मग तेच गाणे जयंतीला लोक पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे, आणि मला वाटायचे ही अण्णांच्या गळ्याची करामत. पुढे ते बावधनला राहायला गेले. ‘गीतकार व गायक’ म्हणून त्यांचे पुस्तक निघाले. सत्कारात त्यांनी मला स्टेजवर बोलावून नारळ दिला आणि लोकांना सांगितले, ‘‘हा माझा कोरसवाला.’’ टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

एका वर्षी आवणीच्या वेळी मी भातरोपांच्या मुठी घेऊन खाचरावर गेलो. बायका चिखलात वाकून रोपे लावत होत्या आणि माझे गाणे म्हणत होत्या. शेवटच्या कडव्यात त्यांनी ‘गेणबा म्हणे’ म्हटले. मी बांधावर तसाच उभा राहिलो.

भीमाबाई म्हणाली, ‘‘आमी पयल्यापासून असंच म्हनतो. गानं तुमचं, मग नाव त्यांचं कशापायी?’’

‘‘पर चालीत बसतं का?’’

‘‘बसतं का म्हंजी? आत्ता ऐकलं न्हवं?’’

त्या दिवशी मला जेवण गेले नाही. परक्याने फसवले असते तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

पुढच्या जयंतीला मी म्हणालो, मी गाणार. अण्णा हसले, पेटीवर बसले आणि सूर इतका वरचा धरला की तो त्यांच्याशिवाय कोणाला झेपू नये. पहिल्याच ओळीला माझा आवाज चिरकला. पुढे बसलेली पोरे खिदळली. वाटले उतरावे. अण्णांकडे पाहिले तर ते मान खाली घालून पट्ट्यांकडे बघत होते. तेव्हा कळले की हेही ठरवून आहे. मी माईकमध्येच म्हणालो, ‘‘अण्णा, पेटी बंद कर.’’ आणि माझ्या घशाला जमेल त्या सुरात, बिनपेटीचे गायलो. आवाज फाटला, पण गाणे पुरे केले. माझे नाव दोनदा घेतले. बायकांनी तिथे साथ दिली. अण्णा चहाला थांबले नाहीत, पुन्हा माझ्या दारी आलेही नाहीत.

४. सर्व गाण्यांचे हक्क मोनिकाचे. गाणी कोणीही गावीत, मात्र शेवटचे कडवे बदलू नये. मोनिका, तूही मोबाइलवर काहीतरी लिहितेस आणि मी आलो की बंद करतेस, ते मला माहीत आहे. भीती गेल्यावर लिहीन म्हणून थांबू नकोस. माझी अजून गेलेली नाही, आजही स्टेजवर चढण्याआधी मला आडोसा शोधावा लागतो. लिहिलेले आधी अशा माणसाला दाखव, ज्याचा तुझ्या भीतीत काही फायदा नाही.

५. अण्णासाहेब साळवे यांना काहीही ठेवलेले नाही. माफीसुद्धा नाही. देऊन टाकावी असे वाटले होते, पण मनापासून होत नाही. वकीलबाई सांगतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणजे अण्णा यात चोख बसतात. रवीकरवी निरोप धाडला आहे. त्यांनी यावे, सगळे वाचावे आणि सही करावी, एवढेच माझे त्यांच्याकडे मागणे आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते माझेच बोलणे आहे.

ठिकाण : पौड
तारीख : ११ नोव्हेंबर २०२५

सही : गेणबा सखाराम ओव्हाळ

साक्षीदार :
१. शैलेश बबन भालेराव, रा. नांदे
२. रेश्मा विजय सोनवणे, रा. मुठा

खाडाखोडीची नोंद, माझ्या हाताने : साक्षीदार क्रमांक २ येथे आधी टाइप केलेले ‘अण्णासाहेब धोंडिबा साळवे, रा. बावधन’ हे नाव मी खोडले आहे. ते आले, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि सही न करता निघून गेले. मी रचलेल्या मजकुराखाली त्यांनी आपले नाव घातले नाही, असे आयुष्यात पहिल्यांदाच झाले.