मासे न धरण्याचं डिझेल

३ मार्च, सोमवार

आईनं आज फर्मान काढलं: डिझेल मोजायचं! बोट एक, भाऊ दोन. एक दिवस दादा नेतो, एक दिवस मी. एकट्यानं चालवावी एवढीच ती. पण टाकी अशी रिकामी होते की खाली भोक असावं. मी म्हणतो दादा उधळतो. तो वहिनीकरवी कळवतो की मीच उधळतो. (आमचा अबोला आहे. दोन वर्षं होऊन गेली. कारण आता नीटसं आठवत नाही, पण बाजू माझी बरोबर होती.)

आई म्हणाली, ज्याच्या हातून कमी जळेल, सुकाणू त्याचं. दुसऱ्यानं बर्फाच्या कारखान्यात कामाला लागायचं. मला तर नुसत्या गार पाण्यानं शिंका येतात! जाणार दादाच.

मोजणार इंजिनचा मिस्त्री. तो आम्हां दोघांनाही आवडत नाही, म्हणून आईला निःपक्षपाती वाटतो.

४ मार्च

पहिली फेरी दादाची. पद्धत सोपी. टाकी भरायची, खडकांच्या पलीकडे खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या लाल पिंपापर्यंत जाऊन यायचं, मग टाकीत मापाची काठी बुडवून किती उतरलं ते बघायचं. दादा परत आला तेव्हा बघायला सगळा धक्का लोटला. आठ-दहा जण बोटीत एकाच कडेला वाकले. बोट कलली, डिझेलही त्याच बाजूला आलं. काठी गळ्यापर्यंत ओली! मिस्त्रीनं हिशेब केला आणि जाहीर केलं की दादांनी जाऊन-येऊन चार लिटर डिझेल तयार केलंय.

दादानं अभिनंदनं स्वीकारली. फेरी रद्द.

५ मार्च

मिस्त्रीचे नवे नियम. दादा माझ्या दीडपट. तो बसला की बोट खाली बसते, मग डिझेल जास्त जाणारच. म्हणून दोघांनीही रोज बोटीत जायचं, फक्त सुकाणूवरचा हात बदलायचा. दुसऱ्यानं पुढच्या टोकाला खडूच्या फुलीवर बसायचं. मी हलका पडतो म्हणून माझ्याजवळ कायम वाळूचं पोतं. वहिनी त्याला धाकटे भावजी म्हणते.

जाळं न्यायचं नाही, पाण्यात ओढ लागते. मासे धरायचे नाहीत, वजन वाढतं.

आईला म्हटलं, अगं मासेमारीची बोट मासे न धरता फिरवायची, हे पटतं का तुला? ती म्हणाली, नाहीतरी तुम्ही असे कोणते धरता.

६ मार्च

दादा सुकाणूवर. मी फुलीवर, शेजारी पोतं. मग दादानं घसा खाकरला आणि पोत्याला म्हणाला, ‘विचार जरा, पुढं काय दिसतंय?’

मी पोत्याला सांगितलं, पाणी दिसतंय म्हणावं.

थोड्या वेळानं परत. खडक किती लांब आहेत? त्यांच्यामधली वाट कोणत्या हाताला? जन्म गेला याचा या पाण्यात आणि माझी परीक्षा घेतो! जित्याची खोड. लहानपणी पाढे असेच विचारायचा. मी सगळी उत्तरं दिली, पण तुसडेपणानं. मधल्या मध्ये पोतं बिचारं दोघांचं ऐकत होतं.

काठी म्हणाली, नऊ लिटर. आता बघाच.

८ मार्च

माझी फेरी. साडेआठ! पण सांगण्यासारखं वेगळंच आहे. पिंपाजवळ पोचलो आणि चारी बाजूंनी मासा वर आला. पाणी नुसतं उकळत होतं. वर्षातून एखाद्या वेळी दिसतो असा थवा, आणि बोटीत जाळं नाही! तीन मासे तर आपण होऊन आत येऊन पडले. दादा पोत्याला म्हणाला, सांग त्याला, वजन वाढतंय. मी एकेक उचलून परत टाकला. एक पुन्हा आत आला. त्यालाही टाकला.

दादा तोंड फिरवून बसला होता.

आई म्हणाली, एकेक फेरी अजून. अर्ध्या लिटरवर मुलाला घराबाहेर काढत नाही मी.

९ मार्च

वारा कालच्यासारखा नाही, म्हणून मिस्त्रीनं थांबायला सांगितलं. दिवसभर तिघं धक्क्यावर बसून कालच्या वाऱ्याची वाट बघत होतो.

११ मार्च

दादाची दुसरी फेरी. मी ठरवून गेलो होतो: आज चकार शब्द काढायचा नाही. विचारू दे पोत्याला.

त्यानं विचारलं. पोतं गप्प, मी गप्प. त्यानं पुन्हा विचारलं, आवाज चढवून. मी मुद्दाम आकाशाकडे बघत बसलो. खडक जवळ आला. वाटलं, आता वळवेल. आता तरी वळवेल. वळवेना! समोर खडक आणि हा त्याच्याकडे बघतोय, शांतपणे.

‘दादा! डावीकडे!’

माझ्या आवाजासरशी त्यानं बोट वळवली. खडकावरची कालवं हातानं काढता आली असती इतक्या जवळून गेलो. मग त्यानं इंजिन बंद केलं.

‘पांढरं दिसतं रे सगळं,’ तो म्हणाला. पोत्याला नाही, मला. ‘खडक कुठं सुरू होतो, कळत नाही. म्हणून एकटा असलो की लांबून वळसा घालतो. तेच डिझेल जातं.’

डॉक्टर करून झाले म्हणाला. आता सुधारण्यासारखं नाही. वहिनीलाही सांगितलेलं नाही. म्हटलं, मग कारखान्यात काय करणार होतास? तो हसला.

‘तिथं तर बर्फच. सगळंच पांढरं.’

मला रडू फुटलं. आणि रागही आला, भयंकर! एवढं सांगायला याला वाळूचं पोतं लागलं. आणि मी दोन वर्षं गावभर सांगत हिंडलो की हा डिझेल उधळतो. परत येताना त्यानं विचारायच्या आधीच मी सांगत होतो: खडक गेला. पाणी मोकळं. समोर होडी, जरा उजवीकडे घे.

आजचे आठ लिटर. आजवरचे सगळ्यांत कमी!

१२ मार्च

मिस्त्री दादाचा आकडा घेऊन आला, म्हणाला, आता तुझी दुसरी फेरी, मग निकाल. मी म्हटलं, मोजणीत घोळ आहे, पुन्हा घ्यावी लागेल. दोघांनी बरोबर जाऊनच. आईनं विचारलं, आणखी किती दिवस? रोजच, म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग दादाकडे. शेवटी म्हणाली, मग जाळं नेलेलं चालेल का मोजणीत? चालेल म्हणालो.

दादानं मी उभा होतो त्याच्या जरा बाजूला बघत विचारलं, ‘उद्या किती वाजता निघायचं रे?’