चाखणं म्हणजे जेवणं नव्हे

प्रिय धाकट्या,

काल फोनवर तू एवढा ओरडलास की नर्सनं तुझ्या हातातून फोन काढून घेतला आणि माझं उत्तर राहून गेलं. ते आता लिहिते. कागदाचं बरं असतं, त्याला मधेच कोणी गप्प बसवत नाही. तुझा हुकूम माझ्या पक्का लक्षात आहे: उद्यापासून हॉटेल चार वाजता बंद ठेवायचं नाही, आणि ठेवायचंच असेल तर किल्ल्या मॅनेजरच्या हातात देऊन मी गुपचूप घरी जायचं. धाकट्या, उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. चार ते साडेचार दार बंदच राहील आणि किल्ल्या माझ्याकडेच राहतील. आता बाकीचं सावकाश वाच, आणि वाचताना उठून बसू नकोस.

तुझ्या छातीत कळ येऊन तुला उचलून नेलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गल्ल्यावर येऊन बसले. सगळं आयुष्य शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेली मी. मला वाटलं, पैसे घ्यायचे, सुटे द्यायचे, एवढंच तर असतं. पण तुझ्या खुर्चीवरून भटारखान्याचं दार सरळ दिसतं, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तिथं मी काय पाहिलं? सकाळपासून रात्रीपर्यंत गावाला जेवू घालणारी माणसं, आणि त्यातलं एकही जेवत नव्हतं. वेटर परत आलेल्या ताटांतले गार तळलेले बटाटे मागच्या दाराशी उभ्या उभ्या तोंडात टाकत होते, आणि मी त्यांच्याकडे बघितलं की गालात घास तसाच ठेवून ‘काही हवंय का ताई’ विचारत होते. तव्यावरचा खिशातून पित्ताच्या गोळ्या काढून चण्यांसारख्या चघळत होता. भांडी घासणाऱ्या मावशींचं दुपारचं जेवण म्हणजे गोडमिट्ट चहा, आणि भूक फारच लागली तर आणखी एक चहा. मी मुख्य आचाऱ्यांना, आपल्या वस्तादांना, विचारलं, तुम्ही जेवलात का हो? तर म्हणाले, “दिवसभर चाखतोच की, ताई!” मी म्हटलं, वस्ताद, चाखणं म्हणजे जेवणं नव्हे. त्यावर ते हसले. मास्तरीणबाईंना बाहेरच्या जगातलं काय कळतंय, असं ते हसणं होतं. ते मला चांगलं ओळखता येतं, तूही असाच हसतोस.

तू म्हणशील, बाबांचा नियम होता, अंगावर एप्रन असेपर्यंत बसायचं नाही. होता. आणि भरल्या ताटावरून उठू नये, हा आईचा होता. दोघांचं लग्न टिकलं कारण आईनं हॉटेलात कधी पाऊल टाकलं नाही. तुला आठवतं, रविवारी बाबा घरी जेवायचे तेव्हाही ताट हातात घेऊन खिडकीशी उभे राहायचे? आई म्हणायची, “अहो, आम्ही काही तुमची गिऱ्हाइकं नाही, पळून नाही जात, बसा.” ते बसायचे, आणि दोन घासांत परत उठायचे. मग मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि तुला गल्ल्यावर. कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर जेवणाची घंटा झाली की लिहीत असलेलं वाक्यसुद्धा अर्धं सोडून उठावं लागे. मला त्या सिस्टर लोकांचा राग यायचा. शेवटचा घास नीट चावून होईपर्यंत त्या कोणालाही बाकावरून हलू देत नसत, मग बाहेर आभाळ का कोसळेना. आज मला वाटतं, आपल्या दोघांत खरा फरक इंग्रजीचा नाही, त्या घंटेचा आहे. मला कोणीतरी रोज बसवलं. तुला कोणी बसवलं नाही.

म्हणून मी सगळ्यांना बसवलं. दाराला कडी लावली, मधली दोन टेबलं जोडली आणि वस्तादांना सांगितलं, परत आलेलं काही नको. गिऱ्हाइकांसाठी आणलेल्या ताज्या भाजीतूनच करा. त्यांनी पालेभाजी केली, मसूर, भात, उकडलेली अंडी, काकडी आणि वाटीवाटी दही. पहिल्या दिवशीची गंमत तू बघायला हवी होतीस. वस्ताद दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखे खुर्चीच्या कडेवर टेकले. एक वेटर सवयीनं उठून सगळ्यांना पाणीच वाढत सुटला, त्याला हाताला धरून खाली बसवावं लागलं. मावशी म्हणाल्या, “ताई, मला वाढू नका, मला कसंतरीच होतंय,” आणि नंतर त्यांनीच दोनदा भात घेतला. तेवढ्यात तुझे ते टक्कलवाले रोजचे गिऱ्हाईक काच ठोठावायला लागले. मी आतून ओरडले, “साहेब, आम्ही जेवतोय!” आचारीसुद्धा जेवतात, ही बातमी त्यांना नवीन असावी. तोंड उघडंच राहिलं बिचाऱ्यांचं. पण थांबले. अजूनही रोज थांबतात, आणि आत आल्यावर विचारतात, “काय, झाली का जेवणं?”

सगळेच थांबत नाहीत, हेही लिहिते. काही शेजारच्या दुकानात जातात. मॅनेजरनं, म्हणजे तुझ्या त्या चष्मेवाल्या हेरानं, हे तुला तिखटमीठ लावून सांगितलंच असेल. पण मिठावरून आठवलं, दुसरी गोष्ट त्यानं सांगितली का? वर्षभर संध्याकाळचं सूप खारट म्हणून परत येत होतं, आणि तू कधी वाण्याशी भांडलास, कधी वस्तादांवर डाफरलास. अरे, तो माणूस दिवसभर रिकाम्या पोटी चमचा चमचा चाखत होता, त्याच्या जिभेला संध्याकाळी काय कळणार? आता पोटभर जेवून, घटकाभर टेकून तो चुलीशी उभा राहतो, आणि सूप परत यायचं थांबलंय. वस्ताद स्वतः हे कबूल करत नाहीत. म्हणतात, मिठाची पिशवीच बदलली असेल.

पण मी दार काही सुपासाठी बंद केलेलं नाही, धाकट्या. बाबा ऐन गर्दीच्या वेळी चुलीजवळ कोसळले, ती संध्याकाळ तू नेहमी मान ताठ करून सांगतोस. त्या संध्याकाळी एकही गिऱ्हाईक उपाशी गेलं नाही, तू स्वतः एप्रन चढवून शेवटच्या टेबलापर्यंत वाढलंस. लोक वाहवा करतात. मी कधी केली नाही, तुला खुपतही असेल. मी होस्टेलवरून रात्रभर प्रवास करून आले तेव्हा तू मागच्या दाराशी उभा होतास, आणि कोणाच्या तरी उष्ट्या ताटातलं खात होतास. मिसरूड नुकतं फुटलेला माझा भाऊ. त्या दिवसापासून तुला बसून जेवताना मी पाहिलेलं नाही. बाबा गेले त्या वयाला तू या वर्षी पोचलास, आणि तुला कळ आली तीही त्याच चुलीजवळ. मला गणित येत नाही, पण एवढं येतं.

तुझ्या बायकोनं काल रडत सांगितलं की डॉक्टरांना घरी विश्रांती घेतो अशी थाप मारून तू परवा दवाखान्यातून सरळ हॉटेलात येणार आहेस, आणि मॅनेजरला एप्रन इस्त्री करून ठेवायला सांगितलंयस. म्हणून हे पत्र. तुला थांबवणं मला या जन्मात जमलेलं नाही, तेव्हा ये. फक्त एक गोष्ट मनाशी धरून ये. बाबांनी हॉटेल आपल्या दोघांच्या नावावर केलं होतं. इतकी वर्षं मी तो विषय काढला नाही, तूही काढला नाहीस, आणि आपलं छान चाललं. आज काढते. मला नफा नको, भिंती नकोत. माझ्या अर्ध्या वाट्याचे मला चार ते साडेचार हवेत, बाकी सगळा दिवस तुझा. त्या वेळात तिथली मालकीण मी, आणि माझ्या हॉटेलात कोणीही उभ्यानं खाणार नाही, माझा भाऊ तर नाहीच. बसलास, सगळ्यांबरोबर जेवलास, तर किल्ल्या तुझ्या. नाही बसलास तर मी खरंच वकिलाकडे जाईन, हसू नकोस. माझी तयारी आहे. अशा खटल्यांचा निकाल लागायला फार वर्षं लागतात म्हणे, आणि तोवर वादी-प्रतिवादी दोघांनाही जिवंत राहावं लागतं. मला तेवढंच हवंय.

तुझीच,
तुझ्याहून हट्टी,
ताई