काकांच्या दुकानाचं लायसन्स

२० फेब्रुवारी, गुरुवार
३ मार्चच्या कौन्सिल मीटिंगचं पॅकेट आलं, विषयपत्रिका आणि सगळे कागद. लॅबला जाताना बसस्टॉपवरच फोनवर उघडलं. विषय नऊ: कोपऱ्यावरच्या कन्व्हीनियन्स स्टोअरला बिअर-वाइन विकायचं लायसन्स द्यावं, अशी शिफारस राज्याकडे करायची की नाही. खाली अर्जदाराचं नाव. शरदकाका.
बस आली आणि गेली. मी तशीच उभी.
काका एका शब्दाने बोलले नाहीत मला. विसरले, की मुद्दाम?
गावाच्या कौन्सिलवर निवडून येऊन दीड वर्ष झालं. आतापर्यंत रस्त्यातले खड्डे, तोडायची झाडं, कुत्र्यांचं पार्क. हात वर केला की झालं. माझी माणसं असलेला विषय हा पहिलाच.
निखिलला सांगितलं. म्हणाला, "मग बरंच की. घरचंच काम." नवऱ्याचं ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

२१ फेब्रु., शुक्र.
गावाच्या वकील डेब्रा, त्यांना फोन. सगळं सांगून टाकलं. ॲन आर्बरला एमएसला होते तेव्हा ऐन डिसेंबरात राहायची जागा गेली. मंडळात एकदाच भेटलेल्या काका-काकूंनी बेसमेंट उघडून दिलं. दोन हिवाळे तिथे काढले. लग्नाच्या वेळी आईबाबांना व्हिसा मिळाला नाही, तेव्हा कन्यादानही यांनीच केलं.
डेब्रा म्हणाल्या, रक्ताचं नातं नाही, धंद्यात भागीदारी नाही, तू व्होट करू शकतेस. फक्त मीटिंगबाहेर या विषयावर कोणी काही बोललं तर ते सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगायचं. लपवायचं नाही.
"म्हणजे तोपर्यंत त्यांच्याशी बोलूच नको?"
"हवापाण्याचं बोल ना."

२३ फेब्रु., रवि.
काकांचे दोन मिस्ड कॉल. मग व्हॉइसमेल. "मीनल, पॅकेट बघितलं असशील. मी काही मागत नाहीये हं, मागणारही नाही. हायवेवर ते मोठं गॅस स्टेशन झालंय ना, लोक दूध आणि बिअर एकाच फेरीत उचलतात. आपल्याकडे कशाला थांबतील? एवढंच. बरं, तुझ्या इराला ड्रायव्हिंगचं परमिट मिळालं का?"
झालं. हेही आता सांगावं लागणार. शब्द न् शब्द लिहून डेब्रांना मेल केला. नंतर फ्रिज साफ केला. मग परत केला. निखिल नुसता बघत होता.

२६ फेब्रु., बुध. महाशिवरात्र
दुपारी लॅबच्या रिसेप्शनवरून फोन, "तुला भेटायला एक बाई आल्यात." सुनंदाकाकू. एकट्या, बसने, दोन बस बदलून. काकू या गावात कधी एकट्या बसने गेल्याचं मला आठवत नाही. हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा.
खाली कॅफेटेरियात बसलो. डबा उघडलाच नाही कोणी.
"तू नाही म्हण," त्या म्हणाल्या.
आधी कळेना मला.
"लायसन्सला गं. नाही म्हण. तुझ्या एका हाताचं काम आहे."
मग सांगितलं. काकांनी सहा वर्षांपूर्वी सोडली होती. सोडली होती म्हणजे काय, घेत होते हेच मला माहीत नव्हतं! इतकी वर्षं त्या घरी जाते-येते मी. दिवाळीनंतर काकूंना दुकानाच्या मागच्या खोलीत, फरशी पुसायच्या बादलीत बाटली सापडली. नंतर गाडीत एक.
"आत्ता निदान लपवावी तरी लागते. उद्या कपाटभर समोरच येईल. मी गल्ल्यावर बसू, की त्यांच्यावर लक्ष ठेवू?"
मी म्हटलं, "काकू, हे मला सांगायला नको होतं तुम्ही."
"मग कोणाला सांगू?"
मी डब्याचं झाकण उगाच घट्ट दाबलं.
निघताना त्यांनी माझा हात धरला. "त्यांना कळू देऊ नकोस. चारचौघांत तर नाहीच." बसमध्ये बसवून दिलं. खिचडी तशीच परत गेली.

१ मार्च, शनि.
आता तीनच रस्ते.
हो म्हणायचं, काकूंना तोंड कसं दाखवू?
नाही म्हणायचं आणि कारण दडवायचं. हे तर डेब्रांनी सरळच सांगितलंय, लपवायचं नाही.
कारण सांगायचं. सगळ्या गावासमोर, काका पहिल्या रांगेत बसलेले असताना.
सकाळपासून तीनदा गाडी काढली. तीनदा दुकानावरून पुढे गेले. बाहेर काका मीठ टाकत होते, फूटपाथवरच्या बर्फावर. हात केला त्यांनी. मीही केला.

३ मार्च, सोम.
जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.
विषय नऊ पुकारला. मेयरने विचारलं, कोणाला काही जाहीर करायचंय? मी कागद वाचला. अर्जदाराचा व्हॉइसमेल आला होता, त्यातला मजकूर असा. शिवाय आणखी एका व्यक्तीशी माझं बोलणं झालं. ते मी इथे सांगू शकत नाही. म्हणून या विषयात मी भाग घेणार नाही.
"आर यू शुअर?" मेयर.
"येस."
खुर्च्यांमधून बाहेर येताना काकांकडे बघावंच लागलं. कोट, टाय, मांडीवर फाइल. चेहरा असा, की जणू मी त्यांना रस्त्यात सोडून गाडी पुढे नेली. काकू खाली बघत होत्या.
पुढचं सगळं कॉरिडॉरमधल्या स्पीकरवर. काकांचं जपून जपून बोललेलं इंग्रजी. बावीस वर्षांत एकाही लहान पोराला सिगरेट विकली नाही, म्हणाले. मग वॉकर घेऊन चालणाऱ्या रूथआजी: हे दुकान बंद पडलं तर मी ब्रेड कुठून आणू? एका शिक्षिकेचा विरोध: शाळेचा बसस्टॉप समोरच आहे. दोघींचंही पटलं मला.
मग कोणीतरी विचारलं, मिसेसना काही बोलायचंय का?
खुर्ची सरकल्याचा आवाज.
"नो. थँक यू." काकू.
उरलेल्या सहा जणांचं मत. तीन-तीन. बरोबरी म्हणजे ठराव पडला. तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो.
म्हणजे काकूंना हवं तेच झालं. मग मला एवढं का…

४ मार्च
इरा: "यू कुड हॅव जस्ट व्होटेड, आई. दॅट्स लिटरली द जॉब."
पंधरा वर्षांची आहे. चिडले तिच्यावर. मग सॉरी म्हटलं. तिचं म्हणणं चूक नाही.

९ मार्च, रवि.
काका आले. दारातच उभे, बूट काढले नाहीत.
"कोण बोललं तुझ्याशी?"
"सांगता येत नाही, काका."
"गॅस स्टेशनवाला ना? तोच असणार."
"काका, आत तरी या."
"तुझं कन्यादान केलं मी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा काढलं हे. काढलं आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं, दिसलं ते. तोंडात पेपरमिंट होती. दुपारचे अडीच वाजले होते.
चहा न घेता गेले.

२३ मार्च, रवि.
काकूंचा फोन. काका गॅस स्टेशनवर जाऊन भांडून आले. तो मालक बिचारा येमेनी, भला माणूस, त्याला काही पत्ताच नाही. हात जोडत होता म्हणे.
"रोज विचारतात, कोण होतं, कोण होतं. तूच सांग ना काहीतरी. तुझं ऐकतात ते."
"नाही, काकू. तुम्ही सांगा."
"मी?"
"तुमच्यासाठी मी बाहेर गेले. खोटं नाही बोलणार मी. भलत्या माणसावर आळ आलाय."
फोन ठेवला त्यांनी. फार कडक बोलले का? ज्या बाईने माझ्या न्यूमोनियात पंधरा दिवस पेज भरवली, तिच्याशी.
बोलायला हवंच होतं. तरी पण.

१९ एप्रिल, शनि.
हिंमत करून दुकानात गेले. काकू एकट्याच गल्ल्यावर. मागचे दोन रॅक रिकामे.
"काका?"
"मीटिंगला गेलेत. चर्चच्या तळघरात असते ना, दारू सोडणाऱ्यांची."
"सांगितलंत तुम्ही?"
"सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मागची खोली स्वतः साफ केली." जरा थांबून, "त्या गॅस स्टेशनवाल्याकडेही जाऊन आले. माफी मागितली."
रडू आलं मला, तिथेच, चिप्सच्या पाकिटांसमोर. काकूंना नाही आलं. त्या म्हणाल्या, "दुकान काही चालत नाही गं," आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

५ जून, गुरु.
सोमवारच्या मीटिंगचं पॅकेट. विषय सहा. तेच दुकान, तेच लायसन्स. अर्जदाराच्या जागी काकूंचं नाव.
सही त्यांचीच, ओळखते मी. खाली एक अट स्वतःहून घातलेली: कूलरला कुलूप राहील आणि चावी फक्त अर्जदाराकडे असेल.
चारदा वाचलं. सहा वर्षं सोडून पुन्हा घसरलेला माणूस, त्याला सावरून तीन महिनेही झाले नसतील. दुकान चालत नाही म्हणून काकूंनी स्वतः ठरवलं? की काकांनी पुढे कागद ठेवला आणि इथे सही कर म्हणाले? का दोघांनी मिळून?
निखिल म्हणतो, एक फोन कर आणि विचार. फोन केला आणि चारचौघांत न सांगण्यासारखं काही कळलं, की पुन्हा कॉरिडॉर. आणि तीन-तीन झाले तर या वेळी दुकानही जाईल आणि दोष माझ्याकडे. नाही केला, तर काही न कळता हात वर करायचा.
एकच वाट दिसते. सोमवारी आतच बसायचं, आणि त्यांची पाळी आली की सगळ्यांदेखत विचारायचं: हा अर्ज तुम्ही तुमच्या मनाने केलाय ना? काकूंना, इंग्रजीत, माइकवर, काका शेजारी बसलेले असताना.
आणि त्या माझ्याकडे बघून "येस" म्हणाल्या, तर ते मला खरं वाटेल का?